काचेच्या डोहातले झिंगे

जव्हार
चैत्री पुनव झाली त्याचा पाचवा दिवस, शके १८३६

रंगूबाय,

हितनंच तुज्या आन् दाजींच्या पाया पडते. माझी पोर रुपी जिती हाय, हे आधी लिवते, म्हंजे पुढचं वाचताना तू उगा जीव खाली-वर करनार नायस.

जिवा गाडीवाल्यानं मला ह्या बंगल्यात लावून दिलं त्याला आता महिना झाला. तुला वाटत असंल मी भांडी घासते. तसलं काय नाय. माझं काम ऐकशील तर तोंडाला पदर लावून हसशील. मी मासे सांभाळते.

तात्यासाहेब म्हनून मुंबईचा पेन्शनीतला मानूस हाय. थंड हवा खायला बायकोला घेऊन हितं येऊन राहिलाय. त्यानं पडवीत काचेची पेटी मांडलीय. दोन हात लांब, हातभर उंच, कडंला लोखंडी पट्ट्या. खाली वाळू, आन् वाळूत झाडं. पान्यातली झाडं, बाय. आपल्या ओढ्यात पायाला गुतून आपन शिव्या घालतो ते गवत हितं वळीत लावलंय, आन् साहेब त्याला बाग म्हनतो. ती वाडली की मी बाईसाहेबांच्या कातरीनं शेंडे कापते. काचेवर हिरवं धरलं की फडक्यानं पुसते. विहिरीचं पानी आनून घंगाळात दिवसभर निवत ठेवते, कारन ताजं पानी माशांना सोसत नाय. सूर्यमाळला माझी सासू झऱ्याच्या खळग्यात वाटी घेऊन बसते, वाटी भरली की हंड्यात वतते, आन् हितं मासे निवलेलं पानी मागतात.

मासे येकूनीस. सात लाल, ते मुंबईहून डब्यातनं आले. बारा हितल्या ओढ्यातले बारीक. आन् झिंगे तीस. माशांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, झिंग्यांना पालकाचं पान वाफवून. लाल माशांना साहेबानं नावं ठेवलीत. मला महिन्यात येकदा पन नावानं हाक नाय मारली, "अगं ए" म्हनतो.

तरी मी हितं का राहते ते तुला ठाव हाय. मला ताप आला तवापासून अंगावर दूध नाय. आमचे हे दसऱ्याला ठान्याकडं खडी फोडायला गेले, त्यांचा निरोप नाय. सासू म्हनली नागलीची पेज पाज. पाच महिन्यांची पोर, पेज वकून टाकते. हितं रुपीला सकाळी येक पेला आन् सांजंला येक पेला गाईचं दूध मिळतं, तोच माझा पगार. त्यात जरा पानी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजते. त्या दोन पेल्यांवर पोर हाय. ते थांबले तर काय, ते मी कागदावर लिवत नाय.

दूध वामन देतो. हितला सैपाकी, नाशकाकडचा, वाकड्या तोंडाचा. पेला माज्यापुढं असा आपटतो जसं काय मी त्याच्या बापाचं खाते.

आता भ्यायचं कारन. परवा सकाळी साहेबानं झिंगे मोजले, पंचवीस भरले. वाळूवर पाच नुसत्या साली पडल्या व्हत्या, पांढऱ्या, मिशांसकट. साहेबानं चिमट्यानं येक उचलली.

"हे मेले. पण आतलं मांस कुठं गेलं?"

वामन च्या घेऊन उभा व्हता. म्हनला, "हिला विचारा. ह्यांच्यात झिंगे सालासकट खातात."

सालासकट खाल्ले असते तर साल मागं कशी राहिली असती, हे दोघांतल्या येकाच्या पन डोक्यात आलं नाय. साहेब इंग्रजी पुस्तकं वाचतो.

मी कसंबसं म्हनलं, "साहेब, ते कात टाकतात. नवी साल मऊ असते, तवर झाडाखाली दडून बसतात. मऊ खेकडा दगडाखाली बसतो तसं."

त्यानं पुस्तक उघडलं. पुस्तक माशांचं, त्यात झिंगा कुठनं येनार. मंग म्हनला, "साप कात टाकतो. अक्षय्य तृतीयेला, तुमच्या आखातीला, पुन्हा मोजीन. तीस भरले नाहीत तर दूध बंद, आणि तू तुझ्या डोंगरावर."

दडलेले निघतील तसे निघतील. पन तवर दुसरे कात टाकतील आन् दडतील. त्या दिवशी कितीजन बाहेर असतील ते मी कसं सांगू? बाय, दाजींना सांग, तुमच्या पोशेऱ्याच्या डोहातले पंधरा-वीस झिंगे जिते आनून द्या. जिते, हे दोनदा सांग.

सकू

•

पोशेरा
चैत्र वद्यातली नवमी

सके,

तुझी चिठ्ठी मी दाजींना वाचून दाखवली. झिंगे जिते पायजेत म्हनल्यावर त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली. मंग म्हनले, "जिते आनून करायचं काय?" मी म्हनलं, मोजायचे. आता पाड्यात जो तो येकमेकाला इचारतो, तुज्या घरचे झिंगे मोजलेस का.

तू येवढी भितेस कशाला? तीस झिंगे मोजत बसनारा बाप्या, त्याला भ्यायचं? बापानं आपल्याला चावडीतल्या मास्तरापुढं बसवून पाटी गिरवायला लावली ती काय ह्याच्यासाठी? खरं सांगू, तू ते खाल्ले असतेस तर मला बरं वाटलं असतं. बाळंतिनीला झिंग्याचा, खेकड्याचा रस्सा देतात तो दूध यावं म्हनूनच ना. ह्या दिवसात खेकडे बिळात खोल गेलेत, नायतर मीच हांडी भरून पाठवली असती.

मीच हितं ये म्हनले असते, पन आमची गाय आटली. माजी दोन पोरं कोरी पेज पितात. तुजी दीड वीतभर पोर मी कशावर जगवू? तवा ऱ्हा तिथंच.

दाजी येतील. डोह गुडघ्याइतका उतरलाय. आखातीच्या आधी अख्खा पाडा डोहावर जानार हाय, गेळाची फळं कुटून झालीत. झिंगे त्यातनं वेगळे काढून ठेवायला सांगते. दाजी आले की त्यांना भाकर दे, त्या सैपाक्यानं तोंड वाकडं केलं तरी दे.

रंगू

•

जव्हार
आखातीचा दुसरा दिवस

बाय,

वाईट झालंय. कुनाला वाचून दाखवू नको. चूल पेटती असंल तर वाचून तिच्यात टाक.

परवा दुपारी दाजी आले. पहाटं निघाले ते उन्हाचे चालत आले, डोक्यावर मडकं, मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं. साहेब आन् बाई आत निजली व्हती. दाजी पेटीपुढं उभे राहिले.

"ह्यांना खातात कधी?"

मी म्हनलं, खात नाय, बघतात.

दाजींनी जरा बघितलं. "बघून झालं. आता?"

मला हसू आलं, लई दिसांनी. पेटीतलं पानी उन्हानं चार बोटं उतरलंच व्हतं, तवा सगळं मडकं आत मावलं. झिंगे सरसर खाली गेले, झाडांत शिरले. मोठे व्हते, चांगले. दाजी भाकर खाऊन परत गेले.

साहेब उठला तवर लाल मासे वर येऊन तोंडं मिटत-उघडत व्हते. मंग आडवे झाले. मंग उलटे. च्या प्यायला बाई बाहेर आली तवा येकूनीसच्या येकूनीस पोट वर करून तरंगत व्हते. पान्यावर पांढरा फेस आला व्हता, मी हात घालून ढवळलं तर आनखी आला.

साहेब रडला. खरं सांगते, बाय, मिशांवर पानी आलं. हितला माळी नवसू, त्याचं पोर शिमग्यात तापानं गेलं, तवा हाच मानूस म्हनला व्हता, "पुढच्या वर्षी दुसरं होईल." लाल माशासाठी त्यानं उपरनं तोंडाला लावलं.

रडून झाल्यावर त्यानं फेसात बोट बुडवलं, वास घेतला आन् म्हनला, "साबण." वामननं सकाळी पडवीत बसून कंदिलाच्या काचा साबनानं धुतल्या व्हत्या. झालं.

"साहेब, मी पेटीला हात लावलेला नाही," वामन म्हनला.

"मग फेस कुठून आला?"

"मला काय माहीत? मी काचा इथं खाली धुतल्या, पाणी बागेत ओतलं."

"हातात साबण घेऊन वाकला असशील. बघायला. माझ्या पेटीत डोकावतोस हे मला ठाऊक आहे."

आठ वर्सं त्याच्या घरचं जेवन रांधलेला मानूस, त्याला तिथल्या तिथं गठुडं बांधायला लावलं. गठुडं घेऊन जाताना वामननं माज्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत व्हते. त्यानं मला चोरटी म्हनलं व्हतं ना. मला बरं वाटलं. हे तुला लिवते, देवापुढं बोलनार नाय.

आन् झिंगे, ऐक, येक मेला नाय. काल सकाळी साहेबानं मोजले, सत्तेचाळीस भरले. तोंड येकदम उजळलं. बायकोला म्हनला, "विणलेत. माझ्या निगराणीत विणलेत." दाजींचे झिंगे करंगळीयेवढे, दोन-दोन वर्सांचे बाप्ये. ती म्हनं रातीत झालेली पिल्लं. मुंबईच्या मित्रांना चिठ्ठी पन धाडली, बघायला या म्हनून.

दूध चालू राहील असं वाटतं. पन मला इचार येतो. सगळं पानी तेच, काच तीच. वेगळं आलं ते येक मडकं. दाजींना इच्यार त्यात काय व्हतं.

सकू

•

पोशेरा
वैशाख शुद्धातली अष्टमी

सके,

चिठ्ठी जाळली. आधी दाजींना इचारलं.

मडक्यात गेळ व्हता.

तुला ठाव हाय, वाळक्या गेळाची फळं कुटून डोहात घातली की फेस येतो आन् मासे झिंगून वर येतात. झिंग्यांना काय होत नाय, ते हातानंच दगडाखालनं काढावे लागतात. दाजींनी झिंगे काढले तवा त्यांच्याबरोबर बारीक मासे पन मडक्यात आले. पोशेऱ्यापासनं जव्हारपतोर मासे झिंग्यांच्या मिशा खातील, पाय तोडतील, आन् तू तर जिते म्हनून दोनदा लिवलेलं. म्हनून त्यांनी मडक्यात मूठभर कुटलेला गेळ टाकला. मासे मेले ते वाटेत येचून फेकले. झिंगे येकूनयेक जिते पोचवले. बाप्या कधी नाय ते येवढ्या काळजीनं वागला.

त्या पेटीत जगवायचे मासे पन हायत, हे त्यांच्या ध्यानात कसं येनार? जन्मात मासा जगवलाय कुनी आपल्यात?

आता ऐकून घे. तोंड उघडायचं नाय. सैपाक्याला दुसरी चूल मिळंल, बाप्याला कुठंबी मिळते. तुज्या पोरीला दुसरा पेला मिळनार नाय. त्या मोजनाऱ्याला साबन वाटलं, तर साबन. आपन कशाला त्याला शहानं करा?

रंगू

•

जव्हार
वैशाख शुद्धातली बारस

बाय,

तू म्हनलीस तशी मी गप हाय. पन दूध अर्धं झालं.

वामन गेल्यावर बाईसाहेब सोता दूध देते. पहिल्या दिवशी अर्धा पेला दिला. मला वाटलं सांडलं असंल. दुसऱ्या दिवशी तेवढंच. काल मी धीर करून म्हनलं, बाईसाहेब, पेला भरलेला असतो. ती म्हनली, "कोण म्हणतं? तुला ठेवली तेव्हापासून अर्धा पेलाच ठरलाय. मीच वामनला सांगितलं होतं."

मी अर्धा पेला उचलला आन् वळले.

महिनाभर तो मानूस भरून देत व्हता. कुठनं देत व्हता, त्याच्या च्यातलं की साहेबाच्या खिरीतलं, मला ठाव नाय. देताना पेला आपटायचा आन् तोंड वाकडं करायचा, आन् मी मनात त्याच्या सात पिढ्या काढायची.

तो अजून गावातच हाय. देवळाच्या ओसरीवर बसलेला असतो. साहेबानं ज्याला त्याला सांगितलं की सैपाक्यानं माझी पेटी मारली. आता कोन ठेवतो त्याला? आज मासे, उद्या आमटी, असं म्हनतात लोक. पान्याला जाताना मी पदर पुढं वढून जाते.

रुपी दूध संपलं तरी बोळा सोडत नाय. कोरडा कापूस चोखते. वढून काढला की रडते, आन् आता रडायचा आवाज पन बारीक झालाय.

मी बोलले तर हाय तो अर्धा पेला पन जाईल. नाय बोलले तर तो तिथं बसलाय. काय करू ते लिव.

सकू

•

पोशेरा
पुनवंच्या आदल्या दिवशी

सके,

तू आन् तुझा दाजी, दोघं येका माळंचे मनी. तुझी चिठ्ठी वाचली तवापासनं ते भाकरीकडं बघत नाय. काल पहाटं निघाले व्हते, जव्हारला जाऊन सोता सांगतो म्हनले. मी त्यांचं पायतान गवताच्या उडव्यात लपवलं. ते जाऊन काय सांगनार? साहेबापुढं उभे राहिले की ह्या मानसाच्या तोंडातनं "जी" शिवाय काय निघत नाय.

माझं म्हननं तेच हाय, गप ऱ्हा. पन मला ठाव हाय तू ऱ्हानार नायस. ल्हानपनी कुनाचं बोर चोरलंस तरी सांजंपतोर तोंड सुजवून बसायचीस. तवा बोलायचंच असंल तर पोरीला सकाळचं पाजून मंग बोल. उपाशी पोर कडंवर रडत असंल तर तुझं कोनी ऐकनार नाय, बाई म्हनंल हिला आवर आधी. आन् रडू नको. हात जोडू नको. जे घडलं ते सांग, कसं कुटतात, कसं टाकतात. त्या मानसाला खरंखोटं कळत नाय, पन नवीन खेळनं कळतं.

निघालीस तर थेट हितं ये. गाय आटली तर आटली, शेजारी फागीची शेळी हाय, तिच्या पाया पडीन. पाया पडायची मला सवय नाय, हे ध्यानात ठेव.

रंगू

•

जव्हार
वैशाखी पुनव झाली त्याचा तिसरा दिवस

बाय,

सांगितलं.

परवा सकाळी रुपीला पाजलं, नवसूच्या बायकोजवळ दिली आन् पडवीत गेले. साहेब पेटीपुढं खुर्ची टाकून बसला व्हता. मी खांबाला धरलं. मडक्यापासून सगळं सांगितलं. दाजींचं नाव घेतलं नाय, घरचा मानूस म्हनलं. वामननं काय केलं नाय, हे तीनदा म्हनलं.

साहेबानं मान पन नाय वळवली.

"वामन काय लागतो तुझा?"

"काय नाय."

"मग त्याला वाचवायला का आलीस? रानातल्या फळानं कुठं मासे मरतात? साबणानं मेले. मी फेस पाहिला."

भ्याले व्हते, ते भ्या, बाय, त्या घडीला गेलं. कुठं गेलं ठाव नाय. ह्या मानसानं पोरीचं दूध तोडायची धमकी दिली तवा मी त्याला वाघासारखा समजत व्हते. आन् हा तर नुसता बघ्या. मी म्हनलं, "साहेब, आता दाखवते. येक घंगाळ द्या."

टेकडीवर गेळाचं झाड हाय, खाली वाळकी फळं पडलेली असतात. वटीत भरून आनली. नवसूनं ओढ्यातनं चार मासे धरून दिले. पाट्यावर फळं ठेचली, घंगाळात पानी, पान्यात मासे आन् पेटीतले दोन झिंगे सोडले. मंग ठेचलेलं टाकून हातानं ढवळलं. पांढराफेक फेस. पान खाऊन थुकावं येवढ्या येळात मासे आडवे. झिंगे तळाला चालत व्हते, काय झालंच नाय असे.

तुला वाटलं असंल त्याला राग आला असंल, नायतर शरम. छे. खिशातलं घड्याळ काढलं, वही आनवली, घंगाळापुढं उकिडवा बसला. "किती फळं घेतलीस? पाणी किती? पुन्हा कर." तीनदा करायला लावलं. नवसू मासे आनून दमला. लाल माशांना जो रडला, त्यानं बारा मासे हसत हसत मारवले आन् वहीत लिवले. वामनचं नाव येकदा पन तोंडातनं नाय आलं.

नाव काढलं बाईनं. ती दारात उभी व्हती, हाताला फडकं बांधलेलं. तेरा दिवस तिनंच चुलीपुढं हात भाजलेत आन् मुंबईचे पाहुने उद्यावर आलेत. म्हनली, "म्हणजे वामननं काहीच केलं नव्हतं?"

साहेब वहीत बघत म्हनला, "नसेल."

"मग बोलवा त्याला. आत्ता."

नवसू देवळात गेला. वामन आला तो पायरीखाली थांबला, आत येईना. बाई म्हनली, झालं गेलं विसर. तो म्हनला, "मी विसरेन हो, पण गावात साहेबांनी सांगितलंय, तर गावातच परत सांगा." शेवटी नवसूला बाजारात पाठवलं, दुकानादुकानातनं सांगायला की सैपाक्याचा दोष नव्हता. साहेब सोता गेला नाय. त्याला घंगाळ सुटत नव्हतं.

मंग साहेबाची नजर माज्यावर आली. म्हनला, "हिला आता पेटीजवळ येऊ देऊ नका. मासे मारणारी बाई मासे कशी सांभाळणार? आजच काढा." हे बोलला आन् माज्याच हातचं ठेचलेलं गेळ पुडीत बांधून ठेवलं, पाहुन्यांना दाखवायला.

मी रुपीला घेतलं, गठुडं बांधलं. म्हनलं, थेट पोशेरा, फागीची शेळी. मागच्या दारानं निघाले तर सैपाकघरापुढनं जावं लागतं. वामन चूल सारवत व्हता. मी दारात थांबले. न सांगता जाववेना.

म्हनलं, "मडकं आलं त्याच दिवशी मला संशय आला व्हता. चार-पाच दिसांनी नक्की कळलं. तरी मी गप बसले."

त्यानं हात धुतले. "म्हणजे तेरा दिवस मी देवळात लोकांचं शिळं खाल्लं ते तुझ्या गप बसण्यानं."

"हो."

"आणि पोरीनं काय खाल्लं?"

"अर्धा पेला. बाई देते तेवढा."

त्यानं तोंड वाकडं केलं, ते तसंच हाय जन्मापासनं. दुधाचं पातेलं उचललं आन् पेला नाय, तांब्या भरला. काठोकाठ. माज्यापुढं आपटला, दूध सांडलं. तेवढ्यात बाई आत आली.

"वामन, हिला काढलंय. आणि अर्धा पेलाच ठरला होता."

वामन म्हनला, "बाईसाहेब, उद्या सात पानं आहेत. नारळ, वाटण, डाळ दळणं, मला एक बाई लागेल पाट्यावर. पेटीवरनं काढलीत, ठीक. पाट्यावर मी ठेवतो. दूध किती जातं ते सैपाकघरातलं आहे, ते मी बघेन. नसेल पटत तर माझं गठुडं अजून सोडलेलं नाही."

बाईनं फडकं बांधलेल्या हाताकडं बघितलं आन् बाहेर गेली.

वामन मला म्हनला, "उभी काय राहिलीस? पाटा धुऊन घे. त्याला तुझा गेळ लागलेला असेल, पाहुणे मारायचेत का मला?"

काल पाहुने आले. पेटीत मासा नाय, नुसते झिंगे झाडांवर बसलेले. साहेब त्यांना सांगत व्हता की मासे मीच काढून टाकले, झिंग्यांना मोकळीक पायजे म्हनून. पाहुने वाकून वाकून बघत व्हते, येकानं चष्मा पुसला. मी मागच्या पायरीवर बसून रुपीला पाजत व्हते, तिथनं सगळं दिसतं. तिनं बोळा आपनहून सोडला, तोंड फिरवलं आन् झोपली. तांब्यात निम्मं उरलं व्हतं. पाहुन्यांतली येक बाई माज्याकडं बघत व्हती, साहेब पन बघत व्हता. मी तांब्या तोंडाला लावला आन् उरलेलं सगळं प्याले.

सकू